गुरुवारची वही

प्रश्न : ताई, नमस्कार. मी विक्रोळी पूर्वेला राहतो, आमच्या गणेशोत्सव मंडळाचा चिटणीस आहे. गेल्या पावसाळ्यात मंडळातला 27 वर्षांचा मुलगा आत्महत्येने गेला. विसर्जनाला गळ्यात ढोल अडकवून सगळ्यांत पुढे तोच असायचा. सहा महिन्यांनी शेजारच्या इमारतीतल्या एक काकू तशाच गेल्या. यंदा आम्ही वर्गणीतले 80 हजार रुपये या कामासाठी बाजूला काढलेत. कुणी म्हणतं मोठ्या डॉक्टरांचं व्याख्यान ठेवू, कुणी म्हणतं चौकात हेल्पलाइनचा फ्लेक्स लावू, एक जण म्हणाला देखावाच या विषयावर करू. मला यातलं काहीच पटत नाही, पण काय करावं तेही सुचत नाही. आमच्यात कुणी समुपदेशक नाही. आमच्यासारख्यांनी यात पडावं का?

उत्तर : पडा. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ते दोघं कसे गेले हे तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही, ते फार बरं केलंत. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या मुलाचा शेवटचा मेसेज किंवा फोटो अजून फिरत असेल तर आजच सगळ्यांना सांगून तो काढून टाका. 2019 मध्ये भारतीय वृत्तपत्र परिषदेने पेपरवाल्यांना हेच सांगितलं : पद्धत लिहू नका, जागेचं वर्णन करू नका, फोटो छापू नका. आपल्या ग्रुपलाही तोच नियम लावायला हवा. श्रद्धांजलीचा फ्लेक्स इतर कुणाचा लावता तसाच आणि तितकेच दिवस. वस्तीत आधीच खचलेलं एखादं पोर रोज त्या फ्लेक्सखालून जात असतं, आणि ‘गेल्यावर तरी चौकात फोटो लागतो’ असं त्याच्या मनात येऊ शकतं. देखावा करूच नका.

मी मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात 29 वर्षं समाजसेविका होते. रोज सकाळी मेडिसिनच्या वॉर्डात जाऊन, आदल्या दिवशी जीव द्यायचा प्रयत्न करून जे वाचले त्यांच्या खाटेशी बसणं हे माझं काम. तिथे जे शिकले त्याच्या जोरावर सांगते : तुमच्या 80 हजारांतला एक रुपयाही व्याख्यानावर घालू नका. व्याख्यानाला जो येतो तो धडधाकट असतो, नाहीतर मंडळाच्या आग्रहाखातर आलेला असतो. ज्याच्यासाठी ते ठेवलंय तो त्या संध्याकाळी दार लावून घरात असतो, किंवा डबल ड्युटीला असतो.

एक प्रसंग सांगते. साल 1994. गिरणी बंद पडलेला, स्पिनिंग खात्यातला एक कामगार वॉर्डात होता. वाचला, पाचव्या दिवशी घरी गेला. ओपीडीला बोलावलं होतं, आला नाही. घरी फोन नव्हता. म्हणून मी दर दुसऱ्या गुरुवारी त्याला एक अंतर्देशीय पत्र टाकायचे. पोस्टकार्ड मुद्दाम टाळलं, कारण चाळीत पोस्टकार्ड आधी सगळा मजला वाचतो. आत दोनच ओळी असायच्या, ‘मी गुरुवारी ओपीडीत असते. जमलं तर चहाला या.’ एकाही पत्राचं उत्तर आलं नाही. पाच महिन्यांनी एका गुरुवारी तो दारात उभा. खिशातून रेशनकार्डाचं प्लास्टिकचं पाकीट काढलं, त्यात माझी सगळी पत्रं घडी न मोडता ठेवलेली. म्हणाला, “बाई, यायची हिंमत नव्हती. पण गुरुवार आला की वाटायचं, तिकडे कुणीतरी आपली वाट बघत असेल.”

तेव्हा मला वाटलं होतं की हा आपला घरगुती उपाय. पुढे 2008 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. पाच देशांत पाच ठिकाणी तो झाला होता, आपलं चेन्नई त्यात होतं. प्रयत्नातून वाचलेली 1,867 माणसं त्यात घेतली होती. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्या निम्म्यांना त्याशिवाय सुमारे तासभर समजावून सांगितलं आणि दीड वर्षात नऊ वेळा त्यांची फोनवर किंवा घरी जाऊन विचारपूस केली. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आठवड्यात, मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात. नेहमीच्या उपचारांच्या गटातले 2.2 टक्के लोक दीड वर्षात आत्महत्येने गेले. विचारपूस झालेल्या गटात हा आकडा 0.2 टक्के होता. त्या नऊ भेटींत नवं औषध काही नव्हतं. ‘कसे आहात, काही लागतंय का’ एवढंच विचारायचं होतं, पण ठरल्या दिवशी विचारायचं होतं.

म्हणून तुमच्या मंडळाला माझं सांगणं असं की कामाची सुरुवात एका वहीपासून करा. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. ज्याची विचारपूस करायची त्याचं तीत पूर्ण नाव लिहायचं नाही, तुम्हा दोघातिघांना कळेल अशी खूण लिहायची. पुढे विचारपूस करायच्या तारखा आखायच्या. वही कपाटात, किल्ली दोघांकडे. दोघांकडे का, ते माझ्याच चुकीतून सांगते. एका वर्षी मी दोन महिने रजेवर गेले आणि माझी वही टेबलाच्या खणात राहिली. माझ्या जागी कुणी नेमलं नव्हतं, आणि मीही कुणाला सांगून गेले नव्हते. परत आले तेव्हा तीन नावांपुढच्या तारखा कोऱ्या होत्या. त्यातल्या एक बाई पुन्हा त्याच वॉर्डात, दोन खाटा सोडून होत्या. वाचल्या. मला बघून म्हणाल्या, “मला वाटलं तुमची बदली झाली.” ते वाक्य मी अजून विसरले नाही.

आता माणसं कोण निवडायची? पदाधिकारी नकोत. ज्यांच्यापाशी लोक आपसूक दोन मिनिटं थांबतात असे दहा-बारा जण शोधा. रात्रपाळीचा वॉचमन, केशकर्तनालयवाला, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या वहिनी, रिक्षा स्टँडवरचा जुना माणूस, शिकवणीच्या बाई, बचत गटाच्या ताई, घरोघर फिरणाऱ्या पालिकेच्या आरोग्यसेविका. निम्म्या तरी बाया हव्यात. वस्तीत भोजपुरी, उर्दू, तमिळ बोलणारी घरं असतील तर त्या भाषांतलंही माणूस हवं. रात्री अडीच वाजता गच्चीवर कोण एकटं फिरतं हे तुमच्या अध्यक्षांना माहीत नसतं, वॉचमनला असतं. मला विचाराल तर या सगळ्या कामात वॉचमनइतकं मोलाचं माणूस नाही, आणि बैठकीला त्यालाच कुणी खुर्ची देत नाही.

झिम्बाब्वेची राजधानी हरारे. तिथे डिक्सन चिबांडा नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने 2006 मध्ये वस्तीतल्या आज्यांना शिकवून दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसवलं. देशात मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण आज्या होत्या. त्या आधी ऐकून घ्यायच्या, मग एकच अडचण निवडून तिच्यावर वाट काढायला मदत करायच्या. 2016 मध्ये या कामाची शास्त्रीय चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी, आज्यांशी बोलायला बाकावर आलेल्या माणसांची उदासी आणि चिंता इतरांपेक्षा बरीच कमी झालेली दिसली. आपल्याकडे वाड्या-चाळींत अशा आज्या कमी नाहीत.

निवडलेल्या माणसांना निदान दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या आणि दर तीन महिन्यांनी उजळणी घ्या. शहरातल्या मानसिक आरोग्याच्या संस्था आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे मानसोपचार विभाग यासाठी विनंतीवरून येतात. पैसे इथे खर्च करा. उपचार करायला कुणी शिकायचं नाही. खूण ओळखायची, विचारायचं, ऐकायचं, एकटं सोडायचं नाही, आणि हाताला धरून पुढच्या माणसापर्यंत न्यायचं, एवढंच. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, फक्त जिवाला धोका असेल तर गुपित ठेवायचं नाही. ही अट समोरच्याला सुरुवातीलाच सांगून टाकायची.

‘पुढच्या माणसापर्यंत’ म्हणजे कुठे, हे आधी पायाने जाऊन बघून या. तुम्हाला सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय गाठता येईल. केईएम, नायर, कूपरलाही मानसोपचाराची ओपीडी आहे. एका सकाळी तुमच्यातल्या दोघांनी जाऊन यावं. केसपेपरची खिडकी किती वाजता उघडते, रांग कुठून लागते, कितव्या नंबरची खोली, हे सगळं वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. खचलेल्या माणसाला ‘सायनला जा’ म्हणणं सोपं असतं. तो गेटपर्यंत जातो, गर्दी बघतो आणि परत फिरतो. सोबत हवीच. आणि रोजंदारीवरचा असेल तर त्याचा दिवस बुडतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यातली चारातली एकाहून जास्त माणसं रोजंदारीवर जगणारी होती. राज्यांमध्ये सर्वांत जास्त, 22,746, आपल्या महाराष्ट्रात. मोठ्या शहरांमधलं प्रमाण देशाच्या सरासरीहून जास्त. म्हणून मंडळाच्या पैशातून टॅक्सीचं भाडं आणि त्या दिवसाची मजुरी द्या. त्याची पावती मागू नका.

तिथवर जाणं लगेच शक्य नसेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा आहे, 14416. केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 ला ही सेवा सुरू केली. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुमच्या दहा-बारा जणांनी आधी स्वतः एकदा तो नंबर फिरवावा, म्हणजे पलीकडून काय विचारतात ते कळेल. फोन त्या माणसाच्या हातात देऊन निघून जायचं नाही, शेजारी बसून लावून द्यायचा. जीव आत्ता या घटकेला धोक्यात असेल तर 112 किंवा जवळच्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी.

‘पोलीस केस होईल’ या भीतीने लोक तास-तास घालवतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 नुसार, प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि त्याची काळजी घेणं सरकारवर बंधनकारक आहे. जुन्या दंडविधानातलं 309 कलम 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेलंच नाही. रुग्णालयात पोलिसांची नोंद होऊ शकते, जबाब घेतला जातो. पण वाचलेल्या माणसाला त्यासाठी शिक्षा करायची पूर्वीची तरतूद गेली. सरकारी कामात अडथळा आणायला केलेल्या प्रयत्नासाठी एक वेगळं कलम आहे, त्याचा घरातल्या दुःखाशी संबंध नाही. हे तुमच्या प्रत्येक माणसाला तोंडपाठ हवं.

दोन दिवस कॅलेंडरवर आधीच लाल करून ठेवा. एक दहावी-बारावीच्या निकालाचा. त्या दिवशी मंडळाची पोरं चौकात नुसती उभी राहू देत. पेढे वाटणाऱ्यांकडे सगळेच जातात, तुम्ही पेढे न वाटणाऱ्या घरी जा. निकालानंतर पुरवणी परीक्षा असते, तिचा फॉर्म भरून द्यायला कुणीतरी तयार ठेवा. दुसरा दिवस म्हणजे दोघंही गेले त्या तारखा. त्या तारखांना त्या घरांत जाऊन बसा.

मोबाइलवरच्या कर्जाच्या अ‍ॅपबद्दलही लिहायला हवं. वसुलीवाले नातेवाइकांना फोन करतात, फोटो विकृत करून पाठवतात, आणि तरुण मुलगा लाजेने खचतो. अशा वेळी त्याला धीर द्याच, पण सोबत 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करून देणारं, पोलीस ठाण्यात बरोबर येणारं माणूस द्या. माझ्या अनुभवात अर्धीअधिक माणसं मरायला निघालेली नसतात. एका अडचणीपुढे त्यांना दुसरी वाट दिसत नसते, आणि ती तेवढ्या वेळापुरती. तो वेळ काढायला सोबत लागते. घरात धोका वाटेल असं काही असेल तर ते घरच्यांशी बोलून काही दिवस दुसरीकडे हलवा. लाट ओसरेपर्यंत हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो, आणि त्यातले बहुतेक पुढे जगतात.

वर्षाच्या शेवटी सभेत ‘यंदा एकही घटना नाही’ असा अहवाल वाचू नका. पुढच्या महिन्यात काही घडलं तर तुमच्या पोरांना वाटेल, आपण नापास झालो. ठरल्या तारखेचे किती फोन झाले, किती राहिले, तेवढंच वाचा. आणि महिन्यातून एक संध्याकाळ त्या दहा-बारा जणांनी एकमेकांचं ऐकायला ठेवा. दुसऱ्याचं दुःख ऐकून घरी जाणाऱ्यालाही झोप लागत नाही.

प्रश्न : मी पुण्यात कर्वेनगरला बारावीच्या शिकवण्या घेते. एक मुलगी गेले तीन आठवडे गप्प आहे. तिने आपलं ड्रॉइंगचं सामान मैत्रिणींना वाटून टाकलं. वहीच्या मागच्या पानावर ‘आता कुणाला त्रास नाही’ असं लिहिलेलं दिसलं. सरळ विचारावं तर भीती वाटते, आपणच तिच्या डोक्यात काही भरवून देऊ का?

उत्तर : बाई, हा अंक हातात पडेपर्यंत थांबायला नको म्हणून तुम्हाला संपादकांमार्फत त्याच दिवशी फोन केला होता. इथे पुन्हा लिहिते ते इतर वाचकांसाठी.

विचारल्याने विचार डोक्यात येत नाही. यावर बराच अभ्यास झालेला आहे आणि माझी 29 वर्षंही तेच सांगतात. मी जितक्या जणांना सरळ विचारलं, त्यातल्या बहुतेकांचे खांदे खाली आले, सुटका झाल्यासारखे. आवडत्या वस्तू वाटून टाकणं ही थांबून बघण्यासारखी खूण आहे. अनेक आठवड्यांच्या उदासीनंतर एकदम शांत, हलकं वाटू लागणं हीसुद्धा.

वर्ग सुटल्यावर तिला थांबवा, पण बाकीच्या मुली बघत असताना नको. समोरासमोर न बसता शेजारी बसा. आधी जे दिसलं ते बोला, “तू रंगपेट्या वाटल्यास, गप्प असतेस, मला तुझी काळजी वाटते.” मग विचारा, “जगू नये असं वाटतं का तुला? जीव द्यावा असं मनात येतं का?” याच शब्दांत विचारा. ‘वेडंवाकडं काही डोक्यात नाही ना?’ असं विचारलंत तर ती ‘नाही’ म्हणेल, कारण प्रश्नातच उत्तर भरलेलं आहे. ‘हो’ म्हणाली तर दचकू नका, ‘आईबाबांचा विचार कर’ म्हणू नका. तिने तो केलेला असतो, म्हणूनच तर ‘कुणाला त्रास नाही’ लिहिलं. म्हणा, “सांगितलंस ते बरं झालं. आता तू एकटी नाहीस. आपण दोघी मिळून घरी बोलू.” त्या दिवशी तिला एकटीला घरी पाठवायचं नाही. आईच्या हातात सोपवायचं, आणि आई घाबरली असेल तर तिथेच बसून तुम्ही 14416 लावायचा.

शुक्रवारी तुम्ही कळवलंत की ती बोलली, आणि आई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. आता पुढच्या तारखा आखा. पहिला आठवडा, दुसरा, चौथा. शिकवणीची फी या महिन्यात मागू नका, आणि ‘नोट्स मी ठेवल्यात’ एवढा निरोप द्या.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ दीड वर्षापूर्वी आत्महत्येने गेला. मी डोंबिवलीत राहते. तेराव्यानंतर लोकांचं येणं थांबलं. लिफ्टमध्ये शेजारी खाली बघतात. आई विचारते, कुणी त्याचं नावही का घेत नाही? आणि मला रोज वाटतं, आदल्या रात्री त्याचा मिस्ड कॉल होता, मी उचलला असता तर?

उत्तर : बाळा, तू फोन उचलला असतास तर काय झालं असतं हे कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. पण वॉर्डातली शेकडो माणसं ऐकून एक सांगते : कुणीही एका फोनने तिथवर पोचत नाही. त्यामागे महिने असतात, वर्षं असतात, आजार असतो, आणि तो बहुतेक वेळा घरच्यांपासून लपवलेला असतो. तू त्याची बहीण होतीस, त्याच्या उशाशी बसवलेली नर्स नव्हतीस.

लोक नाव घेत नाहीत ते बहुतेक भीतीने. घेतलं तर आई रडेल असं त्यांना वाटतं. आई तशीही रडतेच आहे. तूच सुरुवात कर. त्याच्या वाढदिवसाला त्याच्या दोन मित्रांना जेवायला बोलाव आणि त्यांना सांग, त्याच्या गोष्टी सांगा. तो काय खायचा, कुणाची नक्कल करायचा, कुठल्या लोकलने जायचा. अशा घरांसाठी आधारगट असतात, तिथे सगळी आत्महत्येने माणूस गमावलेलीच घरं असतात. तुझ्या जवळचा शोधून संपादकांकडे निरोप ठेवते. पहिल्यांदा जाशील तेव्हा काही न बोलता बसलीस तरी चालेल. रात्री तो मिस्ड कॉल फार छळू लागला तर तो 14416 तुझ्यासाठीही आहे. आईची झोप, जेवण कमी झालं असेल तर तिला डॉक्टरांना दाखव, दीड वर्ष झालं तरी उशीर झालेला नाही.

तुझ्या पाकिटावर पत्ता आहे. मी अजून वही ठेवते, निवृत्त झाल्यावर नवीन घेतली. तुझी खूण तीत लिहिली आहे, आणि शेजारी तारखा आखल्या आहेत. पहिलं अंतर्देशीय या गुरुवारी टाकते. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.